दोघं डब्यात, मी बाहेर

इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला कुणी मुद्दाम फिरायला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मीही गेलो नव्हतो. मला जायचं होतं हैदराबादला. पण परत आल्यावर देवगडला घरच्यांना सांगायला बसलो, तर हैदराबाद दोन वाक्यांत संपलं आणि बावडा काही केल्या संपेना. तेव्हा पुतणी म्हणाली, काका, लिहूनच काढा, शुद्धलेखन मी बघते. माझी शाळा सातवीत सुटली. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्याहून निघताना

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आधी तिथल्याच कँटीनमध्ये होतो. भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन मी जिना चढायचो आणि बशीत थेंब सांडायचा नाही, हे शैला मॅडमनी पाहिलं आणि मला मागून घेतलं. "ज्याच्या हातून चहा सांडत नाही त्याच्या हातून नायट्रोजन सांडणार नाही," असं त्या साहेबांना म्हणाल्या म्हणे. त्या वाक्यावर माझं घर चाललंय. ते मी विसरत नाही, आणि त्यामुळेच मला सतत धास्ती असते की एक दिवस सांडेल.

नायट्रोजन म्हणजे हवेतलाच वायू, पण इतका थंड केलेला की पाण्यासारखा ओतता येतो. तो ठेवायचा डबा म्हणजे एक मोठा थर्मासच: अॅल्युमिनियमचा, पोट मोठं, गळा अरुंद, आणि दोन भिंतींमध्ये पोकळी. त्या पोकळीवर सगळं. ती गेली की डबा मेला.

या खेपेला डब्यात, एका लांब सळईच्या टोकाला, मॅडमची चकती होती. नखाएवढी. तिच्यावर शेजारी शेजारी दोन ठिपके. ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडायच्या दोन खोल्या. डोळ्यांना काहीच दिसत नाही. इंग्रजीत क्वांटम डॉट म्हणतात. मॅडमनी मला एकदा चहा पिता पिता समजावलं होतं.

"वसंता, खोली इतकी लहान आहे की एक इलेक्ट्रॉन आत बसला की तो दुसऱ्याला येऊ देत नाही. दोघांची वीज सारखीच, एकमेकांना ढकलतात. बाहेरून थोडा जोर वाढवला की मग पुढचा आत येतो. एकेकच. आणि शेजारी दुसरी खोली असली, मधली भिंत पातळ असली, की इकडे कोण आलं ते तिकडच्याला कळतं."

"मधलं दार उघडं ठेवायचं?"

"दारच नाही. भिंतीतून जातो."

मी मान हलवली. काही गोष्टींना मान हलवावीच लागते. पण आलेखाचा कागद मला वाचता येऊ लागला होता. खोली एकच असली की कागदावर एकेक शिखर उमटायचं. दोन्ही खोल्यांचं जुळलं की प्रत्येक शिखराची दोन व्हायची, जुळ्यांसारखी. ती जोडी उमटायला मॅडमना दोन वर्षं लागली होती. कागद माझ्यासमोर धरून त्या नुसत्या हसत उभ्या होत्या.

पण चकतीचा स्वभाव विचित्र. एकदा थंड केली की तिच्यात इकडेतिकडे अडकलेली वीज जिथल्या तिथे गोठते, आणि तेच तिचं वळण होऊन बसतं. गरम झाली आणि पुन्हा थंड केली तर वळण निराळं. जोडी परत जमेलच असं नाही. आमच्याकडचं खरं थंड करायचं यंत्र बिघडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेनं त्यांचं देऊ केलं. तिथपर्यंत चकती नायट्रोजनमध्ये बुडलेली न्यायची, एवढंच काम. रेल्वेत असला डबा घेत नाहीत. मॅडम आधीच आगगाडीनं पुढे तयारीला गेल्या. चकती जीपनं माझ्याबरोबर.

निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "बुडलेली राहिली पाहिजे. आणि हात लावण्याआधी—"

"जमिनीला हात," मी म्हटलं.

अंगातली वीज चकतीत उतरली तर खोल्या जळून जातात. म्हणून सळईला हात लावण्याआधी जमिनीला हात लावून ती वीज सोडून द्यायची. आता माझं ते अंगवळणी पडलंय.

मोरगाव

जीपचा ड्रायव्हर हणमंत. सोलापूर रस्त्याला गाड्या तुंबल्यात असं त्याला कुणी सांगितलं, म्हणून त्यानं सासवडवरून मोरगाव, बारामती, इंदापूर असा रस्ता धरला. कोकणातल्या माणसाला हा मुलूख पहिल्यांदा बघताना कसंसंच होतं. आमच्याकडे नजर चार माडांपलीकडे जात नाही. वळण आलं की डोंगर, नाहीतर कुणाचा तरी कुंपणाचा दगडी गडगा. इथं नजर जातच राहते. ज्वारीची रानं, एखादी बाभूळ, तिच्याखाली शेळ्या, आणि त्यापुढे आभाळ. अडवायला कुणीच नाही. मला तर कुणीतरी छप्पर काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

मोरगावला गणपतीला हात जोडले आणि एसटी थांब्याजवळ चहाला थांबलो. डबा मी मांडीजवळ उतरवून घेतला होता. एक फेटेवाले बाबा बराच वेळ डब्याकडे बघत होते.

"कुठला हाय?"

"पुण्याहून आलो."

"तुमी न्हवं. वळू कुठला हाय?"

मला काही उमजेना. हसून हसून हणमंतचा चहा सांडायला आला. मग कळलं, या भागात असल्या डब्यातून एकच गोष्ट येते. गायी भरवायला बैलाचं बी काड्यांमध्ये गोठवून ठेवतात, ते नायट्रोजनमध्येच. असा डबा घेऊन मोटारसायकलवर हिंडणारा माणूस इथं पोस्टमनइतका ओळखीचा.

"बाबा, यात वळू नाही. इलेक्ट्रॉन आहेत."

"नवी जात हाय व्हय? दूध किती देती?"

मी डबा परत जीपमध्ये चढवताना सवयीनं वाकून जमिनीला हात लावला. बाबांनी ते पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "बघ, कामाला हात घालण्याआधी भुईच्या पाया पडतो. न्हायतर आमची पोरं." मी डबा चढवला. गैरसमज चांगला होता.

मोरगावच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. हणमंतला खड्डा दिसला तो चाक त्यात गेल्यावरच. डबा माझ्या हातांतून सुटला नाही, पण तळ लोखंडी पत्र्यावर आपटला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आंब्याची पेटी पडावी तसा नाही. आतून, पोकळीतून आलेला.

बारामती

बारामतीत जेवायला बसलो. मी डब्याशेजारी. हणमंत मिसळीवर तर्री मागून घेत होता आणि मला घास जात नव्हता. मी डब्यावरून हात फिरवला तर हात ओला झाला. पुन्हा पाहिलं, तर पोटावर पांढरं धरायला लागलेलं. बाहेर बर्फ दिसणं म्हणजे पोकळीत हवा शिरली. डब्याला घाम फुटला होता आणि त्याच्याबरोबर मलाही.

"काय झालं?" हणमंत म्हणाला.

"मेला डबा. आतलं सगळं संध्याकाळपर्यंत उडून जाईल."

"दुसरा घिऊ की."

"हा काय हंडा आहे, भांड्याच्या दुकानात मिळायला?"

पण त्याच्या बोलण्यानंच मला मोरगावचे बाबा आठवले. गुरांचा दवाखाना शोधत गेलो. त्या दिवशी सुट्टी. पहारेकरी भला माणूस. त्यानं डब्याकडे पाहिलं आणि हळहळला, जसं काही आतले वळू तडफडत होते. म्हणाला, "साहेब गावाला गेल्यात, किल्ल्या त्यांच्यापाशी. तुमी बावड्याला खंडूआबाकडं जावा. त्येंच्या घरी मोटा डबा हाय. माणूस न्हाय म्हनायचा न्हाय."

बारामतीचं मी पाहिलं ते एवढंच. लोकांनी विचारलं की सांगतो, मोठं गाव आहे, रस्ते चांगले आहेत. खरं म्हणजे मी सगळा वेळ एका डब्याकडे बघत होतो.

बावडा

इंदापूर ओलांडून बावड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पाट, आणि उसाच्या बैलगाड्यांची रांग. त्यांना ओलांडता ओलांडता माझा जीव अर्धा झाला. डबा आता बाहेरून पूर्ण पांढरा होता आणि गळ्यातून वाफ निघत होती.

खंडूआबा अंगणात दोरी वळत बसले होते. साठीच्या आसपासचे, उंच, कानात सोन्याची बाळी. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. मग ती विकून शेती घेतली आणि आबा गायी भरवायचं काम शिकले. मी काय झालं ते सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. ते उठले, आतून आपला डबा ओढून आणला आणि म्हणाले, "बोलायचं मागनं. आदी जीव वाचवू."

त्यांच्या डब्याच्या गळ्याशी सहा डब्या टांगलेल्या होत्या, पाच काड्यांनी भरलेल्या. एक रिकामी होती, ती त्यांनी काढली. मी भुईला हात लावला, चकतीची सळई उचलली आणि एका श्वासात त्या जागी सोडली. खाली उकळल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. बुडाली. एका बाजूला एचेफ जातीचे वळू, दुसऱ्या बाजूला गीर, आणि मध्ये मॅडमची दोन वर्षं.

माझ्या डब्याच्या तळात उरलेलं ओंजळभर आम्ही त्यांच्यात ओतलं. मग आबांनी काळी मोजपट्टी आत बुडवून काढली, हवेत हलवली. बर्फाची पांढरी रेघ उमटली ती चार बोटांवर.

"गाडी उद्या येनार हाय भरायला," ते म्हणाले. "तंवर पुरतंय."

हणमंतला दुसऱ्या दिवशीचं भाडं होतं. त्यानं माझा हात घट्ट धरला, खड्ड्याचं काहीतरी बोलायला गेला, आणि जीपमध्ये बसला. ऊस संपेपर्यंत जीपचा दिवा दिसत राहिला. त्या रानात माझ्या ओळखीचं असं काही उरलं नाही. मी डब्याकडे पाहिलं. आतले ते दोघे इलेक्ट्रॉन तरी एकमेकांच्या शेजारी होते.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू बरा आहेस ना?" त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मला झोप लागली असती. त्या म्हणाल्या, इथला एक डबा परवा मोकळा होईल, गाडी पाठवते, तोपर्यंत तिथंच थांब.

घरी जेवायला आबांच्या कारभारणीनं, सगुणाकाकूंनी, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. घोट घेतला आणि हात थांबला. हुलगे म्हणजे आमचे कुळीथ. आई रोज रात्री कुळथाची पिठी करायची. कोकम नव्हतं, बाकी चव तीच.

"का ओ, तिकट लागलं का?" काकूंनी विचारलं.

"नाही. आमच्याकडेही असंच करतात."

"मंग घ्या की आनकी."

तीन वाट्या प्यालो.

वाट बघणं

दुसऱ्या दिवशी नायट्रोजनची गाडी आली नाही. बूथवाल्यानं कुठं कुठं फोन लावले. गाडी बिघडलीय, कधी येईल सांगता येत नाही. मोजपट्टीवर रेघ अर्ध्या बोटानं उतरली.

आबांनी आदल्या रात्रीच गावात सांगून ठेवलं होतं, गाडी येईपर्यंत डबा दिवसातून एकदाच उघडीन. उघडला की थोडं उडतंच. त्यामुळे ज्यांच्या गायी माजावर होत्या ते सगळे सकाळीच गायी घेऊन अंगणात आले. एरवी आबा त्यांच्या दारी जायचे. आमच्या देवगडात गायी म्हणजे शेळीपेक्षा जरा मोठ्या. या काळ्यापांढऱ्या गायी दाराच्या चौकटीएवढ्या. माणसं गाय धरून उभी आणि नजर माझ्याकडे. आबा डबा उघडण्याआधी मी वाकून भुईला हात लावला, न जाणो सळईला धरावं लागलं तर. पाहता पाहता रांगेतला पहिला माणूसही वाकला. मग दुसरा. दुपारपर्यंत बावड्यात डब्याची रीतच होऊन बसली.

दुपारी चिंचेखाली बसलो असताना आबांनी विचारलं, "व्हय पावणं, खरं काय हाय त्यात?"

मी मॅडमचंच सांगितलं. दोन खोल्या, एक आत असला की दुसरा बाहेर.

आबा विचारात पडले. "म्हंजे मेंढराच्या उलटं. मेंढरू एक आत शिरलं की सगळी शिरत्यात. हितं एक शिरला की दुसऱ्याला मज्जाव."

"होय."

"आन शेजारच्याला कळतं म्हनता?"

"कळतं. त्यावरून तो आपली जागा ठरवतो."

"बोलत न्हाईत?"

"नाही."

"लई वंगाळ," आबा म्हणाले. "म्हंजे माझं आन धाकल्या भावाचं. मधी एक भिताड हाय. त्यो खोकला की मला कळतं." आणि दोरी वळायला लागले.

मला हसायचं होतं. पण देवगडची आमची खोली आठवली. मंडळी आणि मुलगी तिकडे, मी वर्षातून दोनदा जातो. मुलगी तापली की मला इकडे झोप लागत नाही, आणि कळतं ते आठ दिवसांनी पत्रातून. ओळखीच्या माणसांत हे असं लक्षात येत नाही. त्या उघड्या मुलखात, परक्या अंगणात, दिवसभर करायला काहीच नसताना लक्षात आलं.

मालनबाई

तिसऱ्या दिवशी रेघ दोन बोटं होती. नायट्रोजनच्या गाडीचा पत्ता नाही. दुपार ढळायला लागली होती तेव्हा एक बाई पाटाच्या बाजूनं जवळजवळ पळत आल्या. डोक्यावर भेंडीचं रिकामं डालगं तसंच. या मालनबाई, पाटाच्या पलीकडे त्यांचा मळा, गवार-भेंडी इंदापूरच्या बाजारात नेतात. गाय एकच.

"आबा, गाय माजावर आलीया. सकाळच्यानं वराडतीया. चला."

"हितं आन की."

"खूर सुजलंय तिचं. पाट कशी वलांडील? दोनदा उलटली माझी गाय. आता बी गेली तर कितवा म्हैना दूध न्हाय घरात, सांगा की."

गाय उलटली म्हणजे भरवूनही राहिली नाही. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळपर्यंत भरवायची असते, नाहीतर तीन आठवडे थांबायचं. काडी वितळवली की पाव तासात वापरावी लागते, आणि मळा त्याहून लांब. म्हणजे काडी गोठलेलीच न्यायची, थर्मासमध्ये नायट्रोजन ओतून. थर्मास भरायचा म्हणजे आमच्या दोन बोटांतलं एक बोट.

आबांनी थर्मास बाहेर आणला. पण भरला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, तुमी सांगा. तुमचं बी त्यातच हाय."

मालनबाईंना आधी उलगडा झाला नाही. झाला तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय हाय रं तुजं त्यात?"

"इलेक्ट्रॉन."

"दिसतंय?"

"नाही."

"दूध देतंय?"

"नाही."

"मंग? डोळ्याला दिसंना त्यापायी माझी जित्ती गाय थांबवतूस?"

मी बूथवर पळालो. मॅडमना विचारायचं होतं. खरं सांगायचं तर, त्यांनी नाही म्हणावं आणि मी तसं येऊन सांगावं, एवढंच मला हवं होतं. बूथवाला कानाला रिसीव्हर लावून बसला होता. "लाइन गेलीया. मगाधरनं मुकी हाय."

मी परत निघालो. माझ्या आयुष्यातलं मोठं असं सगळं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं. शाळा वडलांनी सोडवली, कँटीन मामानं बघितलं, नोकरी मॅडमनी दिली. मी फक्त सांडू दिलं नाही. आणि आता ओतायचं का ते मला विचारत होते. मॅडमनी विश्वास टाकला तो या चकतीसाठी, मालनबाईंच्या गायीसाठी नाही, हे मला कळत होतं. आणि माझी चकती मात्र या लोकांच्याच डब्यात बुडून बसली होती, कुणाला न विचारता, पहिल्याच दिवशी, एका श्वासात.

अंगणात सगळे तसेच उभे होते.

"भरा," मी म्हटलं.

आबांनी डबा कलता केला. मी भुईला हात लावून सळई आत दाबून धरली, ती वर सरकू नये म्हणून. बोटं बधिर झाली. मालनबाईही वाकल्या आणि भुईला हात लावला. मग थर्मास पदराखाली धरून आबांच्या पुढे निघाल्या, मागे न बघता.

मोजपट्टीवर एक बोट.

चौथा दिवस

सकाळी मी पट्टी घ्यायला गेलो तर आबांनी हात धरला.

"न्हाय. पट्टी गरम असती. बुडवली की उडतं. बघू नका."

"पण आहे का ते कळणार कसं?"

"बघितल्यानं वाढनार हाय का?"

मॅडमही असंच काहीतरी म्हणायच्या, की त्या खोल्यांत फार डोकावलं तर आतलं बिघडतं. तेव्हा मी मान हलवली होती. आता न बघता बसणं काय असतं ते कळलं. डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळून मी चिंचेखाली त्याच्याशेजारी बसलो. उसाच्या गाड्या जात राहिल्या. ऊन सरकलं की डबा सरकवायचा, अलगद, ट्रे धरल्यासारखा. काकूंनी भाकरी आणून दिली. एक शेळी पोतं चघळायला आली, तिला हाकललं. त्या दिवशी मी कुणाशी बोलल्याचं आठवत नाही. डब्याशी बोललो असेन.

हैदराबादची गाडी आली तेव्हा दुपार टळून गेली होती. मोठा डबा, काठोकाठ भरलेला, आणि नुसत्या नायट्रोजनचा आणखी एक. आबांनीच पट्टी बुडवली. हलवली. आम्ही दोघं तोंड खुपसून बघत राहिलो. करंगळीच्या नखाएवढी पांढरी रेघ उमटली. चकती तेवढ्या नायट्रोजनमध्ये बुडालेली होती की त्याच्या जरा वर, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

चकती नव्या डब्यात सोडली आणि दुसऱ्यातून आबांचा डबा गळ्यापर्यंत भरून दिला. आबांचे वळू तरी वाचले. निघताना मी पाया पडायला वाकलो तर ते म्हणाले, "आता कशाची वीज सोडताय?" म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलेलं होतं. काकूंनी हुलग्याची पुडी बांधून दिली.

हैदराबाद

हैदराबादचं थोडक्यात. शहर मोठं, माणसं चांगली, बोलणं मला कळत नव्हतं. चकती त्यांच्या यंत्रात गेली. मी दाराबाहेर स्टुलावर. मॅडमना मी पोचलो त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, थर्मासचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि कामाला लागल्या होत्या. त्यामुळे मला माझं काय होणार ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन बाहेर आल्या. पहिलं शिखर एकच उमटलेलं. त्यांनी बोटानं पुढे दाखवलं. पुढचं दोन. त्यापुढचं दोन. जरा सरकलेली, पण जोडी होती.

"थोडी हललीयेत," त्या म्हणाल्या. "पण सोडली नाही एकमेकांना." मग म्हणाल्या, "मला फोन लागला असता तर मी नाही म्हटलं असतं, वसंता." आणि आत गेल्या.

त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून उमजलेलं नाही.

मापनं लांबली. आम्ही महिनाभर तिथं होतो. तीन आठवडे उलटून गेल्यावर मी बावड्याच्या बूथवर फोन लावला. "मालनबाईंना बोलवता का?" बूथवाला म्हणाला, आज बावड्याचाच बाजार, हितंच हाय ती. मागून गोंगाट, कुणीतरी भाव ओरडत होतं. महिनाभरात इतकं मराठी एकदम कानावर पडलं नव्हतं.

"कोन?"

"मी, वसंता. डबेवाला. गाय?"

"उलटली," त्या म्हणाल्या. "परवा पुन्हा माजावर आली. न्हाय ऱ्हायली."

बूथचे लाल आकडे पळत होते.

"आन तुजं? ती दोगं?"

"आहेत," मी म्हटलं. "दोघंही आहेत."

तिकडे कुणीतरी भेंडीचा भाव विचारला, तो त्यांनी सांगितला.

"मंग एकाचं तरी जालं की," मालनबाई म्हणाल्या. "रडतूस काय येड्या? आबा परवाच पुन्हा भरवून गेल्यात. बघू. जेवतूस न्हवं तिकडं?"

जेवतो, म्हटलं. लाइन तुटली. खोलीवर आलो, स्टोव्ह पेटवला, पुडीतले शेवटचे हुलगे काढले. कोकम तिथंही मिळालं नाही.